नावाड्याचा उतारा

२८ मार्च
डोंगरावरचं विश्रामगृह

आ-मिन,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायचा असतो. हात होत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं. तू तरी मला 'ताई' कुठे म्हणतोस? मावशी सांगत होती, हल्ली माझा विषय निघाला की तू "त्या प्राध्यापिका" म्हणतोस. म्हण बापडा.

हे पत्र तुला एवढ्यात मिळणार नाही. परीक्षेची शेवटची घंटा होईपर्यंत इथून कागदाचा कपटासुद्धा बाहेर जात नाही. तोवर हे खांगबाईंच्या लोखंडी कपाटात पडून राहील. खांगबाई इथल्या बंदोबस्ताच्या प्रमुख. आम्ही लिहिलेलं प्रत्येक पत्र त्या आधी वाचतात. तेव्हा खांगबाई, तुम्हालाही नमस्कार.

मी कुठे आहे ते एव्हाना तू ओळखलं असशील. डिप्लोमा झालेल्या पोरापोरींना विद्यापीठात पुढे शिकायचं तर इंग्रजीचा जो पेपर द्यावा लागतो, ज्याच्या जिवावर तुझा वर्ग चालतो, तो काढायला यंदा मला बोलावलं आहे. फोन फाटकावरच काढून घेतले. खिडक्यांना दुधी कागद लावलाय. बाहेर ऊन आहे की ढग एवढंच कळतं. स्वयंपाकीसुद्धा आमच्याबरोबर कोंडलेला आहे. कचरा गोण्यांत भरून मागच्या खोलीत ठेवतात, फेकत नाहीत. भाषांतराचा भाग काढणारी छू यिंग म्हणून एक तरुण मुलगी आहे. तिची दाढ ठणकायला लागली तर दोन पोलीस घेऊन दवाखान्यात गेली, आणि डॉक्टरशी 'आ' करण्यापलीकडे बोलायचं नाही अशी तिला ताकीद होती.

मला घेताना समितीचे अध्यक्ष थान सर यांनी विचारलं होतं, "जवळच्या नात्यात कुणी या परीक्षेचं शिकवतं का?"

"धाकटा भाऊ," मी म्हटलं. "लुओशी गावात त्याचा शिकवणीवर्ग आहे."

"बोलणं-चालणं?"

"नाही. दोन वर्षं झाली."

ते हसले. "मग काही हरकत नाही. तुमचं भांडण हीच तुमची पात्रता समजू."

तेव्हा मलाही हसू आलं होतं. आज प्रत्येकाला घरी लिहायला कागद मिळाले. बाकीचे नवऱ्याला, बायकोला, पोरांना लिहायला बसले. मी बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत होते. मग तुझं नाव लिहिलं. दुसरं होतं कोण?

यान रुइछिंग

५ एप्रिल

आ-मिन,

आज छिंगमिंग, पितरांच्या थडग्यांवर जायचा दिवस. स्वयंपाक्यानं पाल्याचे हिरवे उंडे केले होते, आत बांबूच्या कोंबांचं तिखट सारण. सगळ्यांनी हावरटासारखे खाल्ले. मला एकही संपला नाही. आई-बाबांच्या थडग्यावरचं गवत आज तू एकट्यानंच काढलं असशील. अबोला धरल्यापासून तू सकाळी जातोस आणि मी दुपारी. तू लावलेल्या उदबत्तीची राख मला सापडते, पण तू सापडत नाहीस. यंदा दुपारी कुणी आलंच नाही, हे तुझ्या ध्यानात येणार नाही. तू तोवर उतरून गेलेला असतोस.

त्या पाटीबद्दल मी माफी मागावी असं मावशीचं म्हणणं आहे. मी मागणार नाही. "विद्यापीठातल्या प्राध्यापिका यान यांच्या सख्ख्या भावाचा वर्ग" असं लाल अक्षरात लिहून, वर माझा फोटो! आई-वडील आपापल्या पोरांना घेऊन रांगेत उभे, आणि तू त्यांना सांगत होतास, "आमच्या घरातच पेपराची नाडी आहे." मी बसमधून उतरले आणि सरळ तुला म्हटलं, पाटी उतरव. सगळ्यांदेखत म्हटलं, कारण सगळ्यांदेखतच लावली होतीस.

"फोटोच लावलाय ना, काय पोट कापलं का तुझं?" तू म्हणालास.

"माझं नाव विकतोयस."

"तुझं? यान हे आडनाव माझंही आहे, ताई. की तेही तुझ्या विद्यापीठानं दिलं?"

तेव्हा तू मला शेवटचं 'ताई' म्हणालास.

जाऊ दे. इथलं सांगते. आत काय ठरतं ते लिहिता येत नाही, पण भांडणं कशी होतात ते सांगायला हरकत नसावी. थान सरांना अवघड शब्दांचा सोस. मी म्हणते, पेपर द्यायला येतात त्या परिचारिका, बालवाडीच्या बाई, गाड्या दुरुस्त करणारी मुलं. त्यांना 'सूज' हा शब्द यायला हवा, 'सूर्यग्रहण' कशाला? (खांगबाई, यातला एकही शब्द पेपरात नाही. उदाहरण म्हणून लिहिला.) उताऱ्यांचंही तेच. वाचून अर्थ लागतो की नाही ते पाहायचं असतं, मुलाचा पाय कुठे घसरेल ते नाही.

भाषांतराच्या भागावर मात्र गाडी अडली होती. छू यिंगनं आणलेला प्रत्येक मजकूर थान सरांनी परत केला. "हे भाषणासारखं आहे," "हे जाहिरातीसारखं आहे." पोरगी रडवेली झाली. काल सकाळी मी तिच्याशेजारी बसले आणि एका बैठकीत काहीतरी लिहून काढलं. खोडाखोडसुद्धा झाली नाही. थान सरांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "हा उतारा जिवंत आहे."

मला असं कधी लिहिता येत नाही, आ-मिन. तुला ठाऊक आहे, माझं लिहिणं म्हणजे इस्त्रीचे कपडे. म्हणून जरा फुशारकी मारली. काय लिहिलं ते विचारू नकोस.

रुइछिंग

१० एप्रिल

आ-मिन,

मला वेगळ्या खोलीत ठेवलं आहे. दारावर एक पोलीस बसलेली आहे. ती माझ्याशी बोलत नाही, पण गरम पाणी संपलं की न मागता थर्मास भरून आणते.

काय झालं ते लिहिते. तो उतारा आता रद्द झाला आहे, तेव्हा त्यातलं लिहायला कुणाची ना नसावी.

छपाईला जाण्याआधी बाहेरच्या सगळ्या वर्गांचे सरावपेपर गठ्ठ्यांनी आत येतात. आमच्या पेपरातलं काही त्यांत आधीच आलंय का, ते ताडून पाहायचं असतं. काल सकाळी आम्ही सगळे लांब टेबलाशी बसून ते चाळत होतो. छू यिंग एकाएकी थांबली. तिनं एक कागद माझ्याकडे सरकवला, मग माझ्याकडे पाहिलं आणि तो परत ओढून घेतला.

"काय गं?"

"यानबाई..." एवढंच म्हणाली आणि उठून कागद थान सरांना दिला. योग्यच केलं तिनं. मीही तेच केलं असतं.

तुझ्या वर्गाचा सरावपेपर होता. याच आठवड्यात वाटलेला. वर तुझ्या वर्गाचं नाव, खाली 'रचना : यान रुइमिन', आणि मध्ये माझा उतारा. पुलाआधी नदीवर होडी होती. पूल झाला आणि नावाडी रिकामा झाला. पुलावरून सगळ्यांत आधी तोच चालत गेला. मध्यावर थांबला आणि म्हणाला, "इतकी वर्षं मला हे अंतर मोठं वाटत होतं." शब्द थोडे इकडचे तिकडे. शेवटचं वाक्य अक्षर न् अक्षर तेच.

मग खांगबाई आल्या. त्या ठेंगण्या आहेत, आवाज कधी चढवत नाहीत. त्याचीच भीती वाटते.

"हा मजकूर तुम्ही कधी लिहिलात?"

"छिंगमिंगच्या आदल्या दिवशी."

"आणि तुमच्या भावानं आठवड्याच्या आत छापला. तुमचं बोलणं नाही म्हणता."

"नाही."

"पण पत्रं लिहिता. पहिलं मीच वाचलंय, दुसरंही." त्यांनी दोन्ही पत्रं टेबलावर ठेवली, ही, तुला लिहिलेली. "दोन वर्षं अबोला असलेली माणसं अशी पत्रं लिहीत नाहीत, यानबाई."

माझ्या खोलीची झडती झाली. बुटांचे तळवे, साबणाची वडी, छत्रीची दांडी. त्यात काहीच सापडलं नाही, आणि काही न सापडणं त्यांना जास्तच खटकलं असावं.

तुझा कागद मी पुन्हा पुन्हा वाचत होते. आधी वाटलं, या पोरानं भिंतीला भोक पाडून ऐकलं की काय! मग डोळ्यांसमोर फळा आला. गावच्या शाळेतला, एका कोपऱ्यात टवका उडालेला. शाळा सुटल्यावर बाबा आपल्या दोघांना थांबवून घ्यायचे आणि भाषांतराला स्वतःच्याच मनानं काहीबाही रचून द्यायचे, कारण पाठ्यपुस्तकातल्या वाक्यांना त्यांच्या लेखी चव नव्हती. हा नावाडी त्यांचा आहे, आ-मिन. माझा नाही, तुझाही नाही. मला वाटलं मी लिहिला, पण मी फक्त आठवला. तू मात्र धडधडीत खाली नाव घातलंस.

मी खांगबाईंना सगळं सांगितलं.

"पुरावा?"

"माझा भाऊ. त्याला विचारा. तो हेच सांगेल."

त्यांनी टेबलावरची पत्रं उचलली. "एवढा भरवसा आहे?"

मी हो म्हटलं. म्हणून तर लिहितेय. तू खरं सांगशील ना? तुला हे वाचायला मिळणार नाही हे कळत असूनही विचारतेय.

रुइछिंग

१२ एप्रिल

आ-मिन,

मूर्खा!

काल दोन माणसं तुझ्याकडे येऊन गेली. तुझा जबाब खांगबाईंनी मला वाचून दाखवला. "उतारा माझा मी रचला. वडील शेतकी हिशेब शिकवायचे, त्यांना इंग्रजी येत नव्हतं. बहिणीशी माझा संबंध नाही. तिला मी ओळखत नाही म्हटलं तरी चालेल."

बाबांना इंग्रजी येत नव्हतं! रेडिओवरचा इंग्रजीचा पाठ ऐकायला जो माणूस पावसात भिजत गावच्या समितीच्या कचेरीपर्यंत चालत जायचा, त्याला? हे म्हणताना जीभ कशी रेटली तुझी?

मग एकटीनं बसून विचार केला. तू माझ्यावर चिडून असं बोलला नाहीस. चिडलास की तुला वाक्यं सुचत नाहीत, नुसता लाल होतोस. इतकं ठरवून तू बोलतोस ते काहीतरी झाकायचं असलं की. तुला वाटलं, ताई कुठल्यातरी भानगडीत आहे, आपण तिच्यापासून जितके लांब दिसू तितकं तिचं बरं. खरं ना? आणि त्यामुळेच मी खोटी ठरले. दोघांचे जबाब दोन दिशांना.

तुझ्या वर्गाला सील ठोकलं हेही कळलं. परीक्षा तोंडावर, आणि मुलं रस्त्याकडेला बाकं मांडून पाठ करत बसली आहेत म्हणे. हे सांगताना खांगबाई खिडकीच्या दुधी कागदाकडे बघत होत्या.

दुपारी थान सर आले. बरोबर चहा घेऊन आले, स्वतः ओतून दिला. मी तेव्हाच ओळखलं.

"यानबाई, मी तुम्हाला वीस वर्षं ओळखतो. तुम्ही काही बाहेर दिलेलं नाही, माझी खात्री आहे."

"मग मला पेपर काढायच्या खोलीत परत पाठवा."

"पाठवतो ना. एवढं लिहून द्या, की भावानं कुठल्या तरी अज्ञात मार्गानं मजकूर मिळवला असावा. 'असावा' म्हणा. तुम्ही आरोप करत नाही, शंका व्यक्त करता. उतारा आपण बदलूच. त्याचा वर्ग बंद होईल, पण असे वर्ग काय, बंद होतात, दुसऱ्या नावानं पुन्हा निघतात."

"आणि तो?"

"तो तुम्हाला ओळखत नाही म्हणतोय. तुम्ही कशाला ओळख दाखवता?"

त्यांनी कागद पुढे केला. मजकूर टंकून तयार होता, सहीपुरती जागा मोकळी. मी पेन घेतलं, आ-मिन. हे तुझ्यापासून लपवत नाही. माझी सगळी नोकरी, सगळं नाव, जन्मभर सांभाळलेलं, त्या एका ओळीवर होतं. शिवाय तू पाटी लावली होतीस, बाबांच्या उताऱ्याखाली आपलं नाव घातलं होतंस. मनात आलं, भोग आपल्या कर्माची फळं.

पण त्या वाक्यातल्या 'असावा' या शब्दावर माझी नजर अडकली. आम्ही वाचनाच्या उताऱ्यावर प्रश्न काढतो ना, लेखकाला काय म्हणायचं आहे, चारांतला एक पर्याय निवडा? त्या वाक्याला एकच पर्याय होता. 'माझा भाऊ चोर आहे.' 'असावा' म्हटल्यानं त्यातलं काही कमी होत नव्हतं.

"सर, हे वाक्य मला परीक्षेत कुणी लिहून दिलं असतं तर मी शून्य गुण दिले असते," मी म्हटलं आणि पेन खाली ठेवलं.

थान सरांचा चेहरा उतरला. "तुमच्या भावाच्या हट्टापायी तुम्ही बुडणार, बाई. तुमच्या घराण्यातच आहे का हे?"

"आहे."

ते चहा तसाच टाकून गेले. मी खांगबाईंना बोलावून घेतलं. म्हटलं, त्याला अजून एकदा विचारा. बाबांचं नाव काढू नका, माझंही नको. फक्त दोन शब्द विचारा.

तुला आठवतं ना? नावाड्याच्या शेवटच्या वाक्यात 'मोठं' आहे. आपल्या भाषेत तो एक शब्द सगळीकडे चालतो. इंग्रजीत चालत नाही. बाबांच्या त्या फळ्यापुढे मी 'लांब' या अर्थाचा शब्द घातला होता, तू 'रुंद' या अर्थाचा. तू म्हणालास, नदीला रुंदी असते. मी म्हटलं, पूल लांब असतो. शेवटी तू माझी वेणी ओढलीस आणि मी दगडी पाटी तुझ्या डोक्यात घातली. आणि मग बाबांनी जे केलं ते आपल्या दोघांखेरीज कुणाला ठाऊक असणं शक्य नाही.

खांगबाई म्हणाल्या, "ही तुमची खूण असेल. तुम्ही त्याला निरोप देत असाल."

"निरोपच आहे. 'खरं बोल' एवढाच. त्याचं उत्तर मी तुम्हाला आधी सांगते. ते तसंच आलं नाही तर मी तुमच्यासमोर त्या कागदावर सही करीन."

त्यांना इंग्रजीचा गंध नाही. पेपरही त्यांनी पाहिलेला नाही, म्हणूनच त्यांना ये-जा करता येते. ते दोन शब्द मी त्यांना तोंडपाठ करायला लावले. आता त्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत पुटपुटताहेत. दारावरची पोलीस हसू दाबतेय.

मला हसू येत नाही. तू आणखी एकदा मला वाचवायला जाशील, याचीच धास्ती आहे. कृपा करून वाचवू नकोस.

ताई

१४ एप्रिल

आ-मिन,

खांगबाई काल संध्याकाळी परत आल्या. ओला रेनकोट अंगावर असतानाच माझ्या खोलीत आल्या, खुर्ची ओढली आणि बसल्या. इतक्या दिवसांत त्या माझ्यासमोर कधी बसल्या नव्हत्या.

"तुमचा भाऊ मोठा वात्रट आहे," म्हणाल्या.

"काय केलं?"

"सील ठोकलेल्या दाराच्या पायरीवर बसला होता. मुलांना व्याकरण सांगत होता. मी बाजूला बोलावलं आणि तुमचे ते दोन शब्द विचारले. एकदा विचारले, तर म्हणाला, 'परत म्हणा.' परत विचारले. तर म्हणतो, 'बाई, दुसऱ्या शब्दाचा उच्चार चुकतोय.' आणि माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला!"

मी हसले की रडले कोण जाणे.

"आणि मग?"

"मग तोंड फिरवलं त्यानं. म्हणाला, 'दोन्ही नाही. बाबांनी दोन्ही खोडले. म्हणाले, नावाड्यानं कधी नदी मोजली होती का? त्याचं घर पलीकडच्या काठाला होतं. दूर लिहा.'"

शब्द न् शब्द. मी सांगून ठेवलेलं खांगबाईंनी चिठ्ठीवर लिहून पाकिटात घातलं होतं. त्यांनी ते माझ्यासमोर उघडलंही नाही. नुसतं खिशातून काढून टेबलावर ठेवलं.

पुढचं तूच जाणतोस, पण तू त्यांना जे सांगितलंस ते मला पुन्हा एकदा लिहून पाहायचं आहे. तू म्हणालास, "उतारा वडिलांचा. मुलांना आवडतो म्हणून दरवर्षी देतो. खाली माझं नाव घातलं, कारण गावच्या मेलेल्या मास्तरांचं नाव बघून कोण वर्गात येतं? आणि त्या दिवशी खोटं बोललो, कारण दोन माणसं दारात येऊन बहिणीचं नाव घेतात म्हणजे ती अडचणीत आहे, एवढं मला कळतं." आणि मग म्हणे विचारलंस, "ती जेवते का?"

जेवते रे. आज जेवले.

तुझं सील काढलं. तुझ्या जुन्या मुलांपैकी दोघांना विचारलं, त्यांनीही नावाडी घडाघडा म्हणून दाखवला. गळती झालेली नाही, असं ठरलं.

पण मी सुटले नाही. बाहेर माहीत असलेला मजकूर मी पेपरात आणला, तोही स्वतःचा म्हणून. नकळत असो, नियमाला 'नकळत' हा शब्द नाही. थान सरांनी सांगितलं, पुढे कधीही मला पेपर काढायला बोलावणार नाहीत, या परीक्षेला नाही आणि कुठल्याच नाही. त्यांनी तोंड पाडून सांगितलं, मला वाटतं मनापासून. मी म्हटलं, "बरोबर आहे, सर." खरंच बरोबर आहे. तुझ्या मुलांनी नावाडी पाठ करून ठेवला होता. तो पेपरात आला असता तर शेजारच्या गावातल्या मुलांनी काय करायचं होतं?

नवा उतारा लगेच हवा होता, छापखान्याची माणसं खाली मशीन तापवून बसली होती. मला पेपरच्या खोलीत जायची परवानगी नव्हती. छू यिंग माझ्या दाराशी आली, पोलिसाच्या देखत म्हणाली, "यानबाई, मला नाही जमणार."

"जमेल. भाषण लिहू नकोस. आपल्या घरातलं काहीतरी लिही. फक्त ते खरंच तुझ्या घरातलं आहे ना, तेवढं बघ."

ती हसली. बिचारीची दाढ अजून सुजलेली आहे. आज दुपारी यंत्रांची घरघर जमिनीतून जाणवायला लागली, तेव्हा कळलं, जमलं. काय लिहिलं ते मला ठाऊक नाही. परीक्षेला बसलेल्या पोरांबरोबरच मलाही कळेल.

ताई

१९ एप्रिल
तुझ्या वर्गासमोरचं शेवयांचं दुकान

आ-मिन,

शेवटची घंटा झाली आणि फाटक उघडलं. सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागले. माझा वाजला नाही. खांगबाईंनी माझी सगळी पत्रं एका दोऱ्यात बांधून हातात ठेवली. "नियमानं मी टपालात टाकायला हवीत. पण तुम्हीच नेऊन द्या. वाचताना माझे डोळे दुखले, एवढं तुमचं अक्षर बारीक." मग म्हणाल्या, "माझाही एक भाऊ आहे." आणि आत वळल्या.

मी थेट इथे आले. बसस्टँडवरून चालत आले, रस्त्यात दोनदा थांबले. आता तुझ्या दारासमोर बसले आहे, आणि रस्ता ओलांडता येत नाही. हे हास्यास्पद आहे, मला कळतं. पेपर काढणाऱ्या बाईला पाय उचलता येत नाही.

तुझ्या खिडकीतून सगळं दिसतंय. मुलं परीक्षा देऊन सरळ तुझ्याकडेच आलेली दिसतात, उत्तरं ताडून बघायला. एक मुलगी बाकावर उभी राहून ओरडतेय. तू फळ्याजवळ आहेस, हात कोपरापर्यंत खडूनं पांढरे. केस फारच पांढरे झालेत तुझे, की तोही खडू आहे?

दुकानाच्या मालकीणबाई विचारत होत्या, "कुणाची आई का तुम्ही? निकाल ऐकायला आलात?" मी म्हटलं, "बहीण. मास्तरांची." त्या म्हणाल्या, "अगंबाई! मग इथे काय बसलात? पण बसा, शेवया खाऊन जा, त्यांच्या वर्गात कुणाला चहासुद्धा मिळत नाही." आता त्याच ही पत्रं तुझ्याकडे घेऊन येतील. सगळी आत्ताच वाचू नकोस. हे वरचंच वाच.

माफी मी अजूनही मागणार नाही. पाटी उतरवायलाच हवी होती. पण तुला भेटल्यावाचून मी परतीची बस पकडणार नाही, आणि शेवटची बस गेली तर गेली.

ताई

(त्याच कागदाच्या मागे, खडूच्या बोटांचे ठसे उमटलेलं उत्तर)

ताई,

पाटीचं नंतर भांडू. तेव्हा तुझंच खरं होतं, पण ते मी तुझ्यासमोर बोलणार नाही.

इथे भाषांतरावरून हातघाई चालली आहे. कुणाची तरी आजी सुनेशी न बोलता तिच्या ताटात माशाचा गाल, सगळ्यांत चविष्ट तुकडा, वाढते, असा उतारा आलाय. अर्धी पोरं म्हणतात 'वाढते' म्हणजे देते, अर्धी म्हणतात ठेवते, आणि एक रडतेय, कारण तिनं 'फेकते' लिहिलं. माझं कुणी ऐकत नाही. ते म्हणतात, सर, पेपर काढणाऱ्यांनाच विचारायला हवं.

तर तू ये. आता तू पेपर काढणारी नाहीस, म्हणजे माझ्या वर्गात यायला तुला कुणाच्या बापाची मनाई नाही. खुर्ची एकच आहे आणि तिचा पाय मोडलाय, तेव्हा मागच्या बाकावर सरकून जागा करून घे. मालकीणबाईंना सांग, शेवया दोघांच्या बांधून द्या.

आ-मिन